चालता येतंय ना?

२३ जुलै २०२५ रोजी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर ऋषभ पंतने ख्रिस वोक्सला रिव्हर्स स्वीप मारायचा प्रयत्न केला. चेंडू बॅटची आतली कड घेऊन थेट उजव्या पावलावर आदळला. बूट-मोजा काढेपर्यंत पावलावर टेंगूळ आलं होतं, रक्तही दिसत होतं. पाय टेकवेना. मैदानात आणलेल्या छोट्या गाडीवर बसून तो ३७ धावांवर बाहेर गेला. हाड मोडल्याचं निदान झालं आणि दुसऱ्या दिवशी तोच पंत कठड्याचा आधार घेत जिना उतरून पुन्हा खेळायला आला. लंगडत ५४ पर्यंत पोहोचला. त्या लंगडण्याचे व्हिडिओ अख्ख्या देशाने पाहिले.

त्यानंतरचं फारसं कुणी पाहिलं नाही. पुढची ओव्हलची कसोटी तो खेळला नाही. ऑक्टोबरात वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला, तेव्हाही तो संघात नव्हता. चेंडू लागल्यावर काही तासांत स्कॅन झालं होतं, हाड कुठं मोडलंय हे डॉक्टरांना माहीत होतं आणि मैदानात परत उतरण्याचा निर्णय हे सगळं कळल्यावर झाला होता. जिगर होतीच, तिच्या पाठीशी निदानही होतं.

आपल्या मैदानांवर क्रम उलटा असतो. गडी पाय धरून बसला की भोवती रिंगण होतं. कुणी पाणी मारतं, कुणी अंगठा ओढून बघतं, आणि मग कुणीतरी जाणतं माणूस विचारतं, ‘चालता येतंय ना?’ गडी चार पावलं लंगडत टाकून दाखवतो. ‘मग मोडलेलं नाही, मुरगळलाय.’ झालं निदान. रात्री गरम तेलाने चोळायचं, आंबेहळदीचा लेप लावायचा, दोन दिवसांनी परत मैदान. पावलाच्या दुखापतींविषयी डॉक्टरांची पुस्तकं चाळताना आणि खेळाडूंच्या कहाण्या वाचताना माझं मत पक्कं होत गेलं, की पावलाचं सगळ्यात जास्त नुकसान त्या चार पावलांवर विश्वास ठेवल्यामुळे होतं.

एका पावलात २६ हाडं असतात. घोट्याखाली टाचेचं आणि मधल्या कमानीचं मिळून सात, चवड्याकडे जाणारी पाच लांब हाडं म्हणजे मेटाटार्सल, आणि बोटांची चौदा. अंगठ्याखाली वाटाण्याएवढी दोन छोटी हाडं आणखी असतात, ती या हिशेबात धरत नाहीत. भार इतक्या हाडांत वाटला जातो, म्हणून त्यातलं एखादं मोडलं तरी माणूस टाचेवर किंवा पावलाच्या कडेवर भार देऊन चालू शकतो. मांडीचं हाड मोडल्यावर असं चालता येत नाही. पावलाला ही पळवाट आहे आणि तीच घात करते.

याचा सगळ्यात जुना आणि गमतीदार साक्षीदार खुद्द एक हाडांचा डॉक्टर आहे. लिव्हरपूलचे सर रॉबर्ट जोन्स हे ब्रिटिश अस्थिशल्यचिकित्सेतलं मोठं नाव. नाचता नाचता त्यांचं पाऊल बाहेरच्या कडेवर वळलं आणि करंगळीमागचं लांब हाड मोडलं. कुणी लाथ मारली नव्हती, काही पायावर पडलं नव्हतं. नुसत्या वळण्याने हाड कसं मोडेल, असं त्या काळच्या डॉक्टरांना वाटत असे. क्ष-किरणांचा शोध लागून तेव्हा जेमतेम काही वर्षं झाली होती. जोन्स यांनी स्वतःच्या पावलासकट अशा रुग्णांची हकीकत १९०२ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्या जागच्या मोडण्याला त्यांचंच नाव चिकटलं.

जोन्स फ्रॅक्चर आजही हुकतं, कारण पाऊल आत वळल्यावर सगळ्यांचं लक्ष सुजलेल्या घोट्याकडे जातं. पावलाच्या बाहेरच्या कडेवरून टाचेकडून करंगळीकडे बोट फिरवा. साधारण मध्यावर एक उंचवटा लागेल. घोटा मुरगळलेल्या प्रत्येक खेळाडूचा हा उंचवटा आणि त्याच्या पुढचा बोटभर भाग दाबून पाहिला पाहिजे. अगदी टोकाचा तुकडा निघाला असेल तर फार घाबरायचं कारण नसतं. कडक तळाचा बूट आणि सहा-आठ आठवड्यांचा धीर एवढ्यात तो बहुधा जुळतो. दीडेक सेंटिमीटर पुढे मोडलं असेल तर प्रकरण वेगळं. हाडाच्या त्या भागात रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, त्यामुळे हाड जुळायला नाखूश असतं आणि जुळल्यासारखं वाटून परत मोडतं. तिथे सहा ते आठ आठवडे पाय न टेकता प्लॅस्टर, आणि खेळाडू असेल तर पुष्कळदा आत स्क्रू. बाहेरून दोन्ही दुखणी सारखीच दिसतात. दोघांनाही चालता येऊ शकतं.

मग एक्स-रे कधी काढायचा? प्रत्येक मुरगळीला काढायचा म्हटलं तर तालुक्याच्या रुग्णालयातली रांग रस्त्यावर येईल. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यावर सोपे नियम बसवले, ते आज जगभर वापरले जातात. पावलाच्या मधल्या भागात दुखतंय आणि पुढच्या तीनपैकी एक तरी गोष्ट आहे, तर एक्स-रे काढायचा: करंगळीमागच्या त्या उंचवट्यावर दाबल्यावर दुखणं, पावलाच्या आतल्या कडेला कमानीच्या माथ्यावर असलेल्या नॅव्हिक्युलर नावाच्या हाडावर दाबल्यावर दुखणं, किंवा इजा झाल्या झाल्या आणि नंतर दवाखान्यातही सलग चार पावलं टाकता न येणं. म्हणजे आपल्या मैदानावरची चार पावलं ओटावातही आहेत. फरक इतकाच, की तिथे तो तीनातला एक प्रश्न आहे. आपण बाकीचे दोन विचारतच नाही.

*

कबड्डीच्या मैदानावर एक दुखापत हटकून लपते. चढाई करणारा गडी परत फिरताना चवड्यावर असतो, टाच उचललेली, बोटं मॅटमध्ये रुतलेली. त्याच क्षणी मागून पकड होते आणि दोघा-तिघांचं वजन त्या उचललेल्या टाचेवर कोसळतं. चवडा जागेवर, वरून भार, आणि पाऊल मधोमध दुमडतं. मेटाटार्सल हाडं जिथे कमानीच्या हाडांना जोडलेली असतात, तो सांधा उसवतो. लिसफ्रांक नावाच्या नेपोलियनच्या काळातल्या फ्रेंच सर्जनचं नाव या सांध्याला आहे. तो सडलेली पावलं याच रेषेवर कापत असे. घोड्यावरून पडताना रिकिबीत पाय अडकलेल्या स्वारांचं पाऊल इथेच मोडायचं.

लिसफ्रांकची इजा पहिल्या एक्स-रेत साधारण पाचांतल्या एका रुग्णात निसटते, असं अस्थिशास्त्राच्या पुस्तकांत वारंवार लिहिलेलं आढळतं. कारण साधं आहे. रुग्णाला टेबलावर झोपवून एक्स-रे काढतात, पावलावर भार नसतो, आणि उसवलेली हाडं आपापल्या जागी शहाण्यासारखी बसलेली दिसतात. संशय असेल तर उभं राहून, भार देऊन, दोन्ही पावलांचा एकत्र एक्स-रे काढायला सांगावं लागतं. दुखणं सोसत नसेल तर काही दिवस थांबून काढतात, नाहीतर सीटी स्कॅन. पण संशय यावा कसा? एक खूण मात्र कुणालाही पाहता येते. पाऊल उलटं करून तळवा बघायचा. कमानीखाली काळा-निळा डाग उमटला असेल तर तो मुका मार म्हणून सोडायचा नाही. शिवाय चवड्यावर उभं राहता येत नाही, जिना उतरताना पावलाच्या मध्यावर कळ येते. सांधा सरकलेला नसेल तर काही आठवडे बूट किंवा प्लॅस्टर पुरतं. सरकला असेल तर शस्त्रक्रिया, आणि मैदान दिसायला कित्येक महिने. हे हुकलं तर कमान बसते, सांधा झिजतो आणि पंचविशीतला गडी पन्नाशीच्या पावलांनी चालायला लागतो.

खो-खोत घात होतो तो अंगठ्याचा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्हींचे कर्णधार, प्रतीक वायकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. त्या स्पर्धेची चित्रफीत पुन्हा पाहताना मी चेंडूफळीच्या सवयीने गुण मोजणं सोडून फक्त चौकटीत बसलेल्यांची पावलं बघत होतो. मागच्या पायाची बोटं पूर्ण वाकलेली, अंगठ्याच्या मुळाशी सगळं वजन. खो मिळाला की त्याच अंगठ्यावरून शरीर पुढे उसळतं. अंगठा त्याच्या मर्यादेपलीकडे वर वाकला की सांध्याच्या तळाची जाड पट्टी ताणते किंवा फाटते.

या इजेला टर्फ टो म्हणतात. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंवरून हे नाव पडलं. कृत्रिम गवत आलं होतं, बूट हलके आणि लवचिक झाले होते. पाऊल मैदानाला चिकटून राहायचं आणि वाकायचं सगळं काम अंगठ्यावर यायचं. आपल्याकडे मातीतून मॅटवर येताना तीच अदलाबदल झाली. माती सरकते, मॅट सरकत नाही. मॅटला नावं ठेवायची नाहीत. मातीतल्या खड्यांनी आणि खड्ड्यांनी काय काय केलंय ते जुन्या खेळाडूंच्या पायांवर लिहिलेलं आहे. पण प्रत्येक मैदानाच्या स्वतःच्या दुखापती असतात आणि मैदान बदललं की प्रशिक्षकाने त्या नव्याने शिकायला हव्यात.

टर्फ टो सौम्य असेल तर अंगठा शेजारच्या बोटाबरोबर आणि खाली वळवून टेपने बांधणं, बुटात कडक तळपट्टी घालणं आणि दुखणं उतरेपर्यंत उडी-धाव बंद ठेवणं पुरतं. अंगठा सुजून काळा पडला, वर उचलताना डळमळीत वाटला, किंवा जमिनीला रेटा देताच येईना, तर एमआरआय काढून पट्टी पूर्ण फाटलीय का ते बघावं लागतं. अमेरिकन फुटबॉलचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला जानेवारी २०२१ मध्ये अशी इजा झाली. तो तिच्यासकट फेब्रुवारीतला सुपर बोल खेळला, हरला, आणि त्याच आठवड्यात शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला. दुर्लक्ष झालेला अंगठा पुढे ताठतो, आणि ताठलेल्या अंगठ्याने धावता येत नाही.

बाकीच्या बोटांचं इतकं गंभीर नसतं. ठेच लागून किंवा खांबाला आपटून मधलं बोट मोडलं तर शेजारच्या बोटाला बांधायचं. दोघांच्या मध्ये कापूस किंवा गॉज ठेवायचं, नाहीतर घामाने कातडी सडते. तीन ते सहा आठवड्यांत काम होतं. पण बोट वाकडं झालं असेल, फिरलं असेल, जखम उघडी असेल किंवा मोडलेला अंगठाच असेल तर घरी बांधाबांधी नको.

इथे अनवाणी खेळणाऱ्या लहान मुलांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती शिक्षकांना बहुधा कुणी सांगत नाही. मुलाला अंगठ्याला जोराची ठेच लागली आणि नखाच्या मुळाशी, कातडीच्या कडेतून रक्त आलं, तर आपण हळद दाबून त्याला परत खेळायला सोडतो. वाढत्या वयात त्या नखाखालीच हाडाच्या वाढीची चकती असते. तिथे हाड मोडून जखम आतपर्यंत उघडी असू शकते आणि जंतू हाडात शिरतात. अशा मुलाचा एक्स-रे आणि प्रतिजैविक हे लाड नव्हेत. मातीतली जखम म्हणजे धनुर्वाताच्या लसीची चौकशीही आलीच.

*

पहाटे पाचला महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर या. डांबरी रस्त्याच्या कडेने पोरं-पोरी पळत असतात. कुणाच्या हातात मोबाईलचं घड्याळ, कुणाच्या पायात बाजारातले पातळ तळाचे बूट. ही ‘भरतीची मुलं’. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, शिवाय दोघांना १०० मीटर धाव आणि गोळाफेक असते. एकूण गुण ५०. काही सेकंदांवर नोकरी असते आणि नोकरीवर घर. यांना कुणी खेळाडू म्हणत नाही. क्रीडावैद्यकाच्या परिषदांत यांचा विषय निघत असेल असं वाटत नाही. पण महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी धावपटूंची फौज हीच आहे, आणि पावलाची सगळ्यात नमुनेदार दुखापत यांचीच.

ती दुखापत पहिल्यांदा नोंदली गेली तीही फौजेतच. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन सैनिकी डॉक्टरने पाहिलं, की लांब कवायती करणाऱ्या जवानांची पावलं काही मार न लागता सुजतात आणि दुखतात. कारण त्याला कळलं नाही. क्ष-किरण येईपर्यंत कुणालाच कळणार नव्हतं. चवड्याकडे जाणारी दुसरी-तिसरी लांब हाडं हळूहळू चिरत होती. याला मार्च फ्रॅक्चर म्हणू लागले. आजचं नाव स्ट्रेस फ्रॅक्चर.

हाड हे जिवंत काम आहे. त्याच्यावर ताण वाढला की शरीर जुना भाग आधी खणून काढतं आणि मग तिथे नवा, मजबूत भाग भरतं. आपल्या नगरपालिकेचा रस्त्याचा कारभार जसा: खोदाई आज होते, भराई सवडीने. खोदलेलं भरायच्या आत वाहतूक दुप्पट केली की रस्ता खचतो. भरतीच्या मुलांचं नेमकं हेच होतं. जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो. महिनोन्‌महिने सराव थंड असतो. जाहिरात निघाली की सगळे अचानक सकाळ-संध्याकाळ, डांबरावर, घड्याळ लावून पळायला लागतात. हाडाला जमवून घ्यायला जे आठवडे लागतात नेमके तेच कुणाकडे नसतात. दुखणं सुरू होतं ते बहुतेकदा अशी वाढ केल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, आणि तोवर चाचणीची तारीख आलेली असते.

ओळखायचं कसं? दुखापत नेमक्या कुठल्या दिवशी झाली ते मुलाला सांगता येत नाही. आधी धावण्याच्या शेवटी दुखतं, मग सुरुवातीपासून, मग चालताना, मग रात्री अंथरुणातही. धावत राहिलं की वाढत जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, विचारलं तर मूल एका बोटाने जागा दाखवतं. स्नायू दुखतो तेव्हा माणूस पूर्ण तळहात फिरवून ‘इथून इथपर्यंत’ म्हणतो. हाडाचं दुखणं एका बोटाखाली मावतं. ही खूण शंभर टक्के नाही, पण वीस जणांच्या तुकडीसमोर उभ्या असलेल्या भरती अकॅडमीच्या सरांकडे याहून चांगली चाळणी नाही.

इथेच एक्स-रे दगा देतो. पहिले दोन-तीन आठवडे त्यात काहीच दिसत नाही. हाड जुळू लागून तिथे नवा थर जमला की मग दिसतं. ‘एक्स-रे नॉर्मल’ असा कागद घेऊन मुलगा बाहेर येतो आणि त्याचा अर्थ ‘पळ’ असा लावतो. एमआरआयमध्ये लवकर कळतं, पण तो जिल्ह्याच्या गावी आणि खर्चिक. तो जमत नसेल तर दुखणं हेच प्रमाण मानून आधी थांबायचं आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा साधा एक्स-रे काढायचा. दुसऱ्या-तिसऱ्या मेटाटार्सलची चीर समजूतदार असते. कडक तळाचा बूट, धावणं बंद, सहा ते आठ आठवडे. दरम्यान सायकल चालते. पोहता येणाऱ्याला विहिरीत कमरेला डबा बांधून खोल पाण्यात धावल्यासारखे पाय मारता येतात. दम टिकतो आणि हाडावर भार येत नाही.

नॅव्हिक्युलरची चीर मात्र समजूतदार नसते. ओटावाच्या यादीत आलेलं हेच हाड. घोट्याच्या पुढे, पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध बोट दाबल्यावर कळ येणं ही तिची खूण. इथेही रक्तपुरवठा कमी, त्यामुळे सहा ते आठ आठवडे पाय अजिबात न टेकता प्लॅस्टर, नाहीतर स्क्रू. चिनी बास्केटबॉलपटू याओ मिंगची कारकीर्द या एवढ्याशा हाडाभोवती फिरली. २००८च्या फेब्रुवारीत त्याच्या डाव्या पावलात ही चीर निघाली, शस्त्रक्रिया झाली. ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिम्पिक होतं, देश यजमान होता आणि ध्वज त्याच्या हातात होता, तो खेळला. मे २००९ मध्ये तेच पाऊल पुन्हा मोडलं. पुढचा पूर्ण हंगाम गेला. २०११च्या जुलैत, तिशीत, सव्वादोन मीटरहून उंच असा तो माणूस निवृत्त झाला. ऑलिम्पिक नसतं तर पाऊल टिकलं असतं, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असताना जे हाड असं वागतं, ते गावच्या मालिशवाल्याचं ऐकेल अशी आशा करू नये.

मालिशवाल्यावर माझा राग नाही. थकलेल्या पोटऱ्यांना त्याचे हात बरे वाटतात. पण चिरलेल्या हाडावर चोळणं आणि ‘बसवणं’ म्हणजे चीर रुंद करणं. हाडवैद्याने घट्ट बांधलेल्या पट्टीखाली बोटं निळी पडली, बधिर झाली, तर पट्टी तत्क्षणी सोडायची, कुणाचा मान राखत बसायचं नाही. चाचणीच्या दिवशी वेदनाशामक इंजेक्शन घेऊन मैदानात उतरणं हा तर वेगळाच जुगार. वेदना बंद होते, चीर तशीच राहते, आणि १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत ती पूर्ण तुटू शकते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो आणि तो विचारायला मैदानावर बाईमाणूस हवं. खाणं कमी आणि धावणं जास्त झालं की शरीर काटकसर सुरू करतं. आधी मासिक पाळी लांबते किंवा थांबते, मग हाडं विरळ होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या सगळ्याला एकत्र नाव देऊन इशारा दिला, आणि हे पुरुषांतही होतं हेही सांगितलं. पहाटे उपाशीपोटी पळणारी, दुपारी भाकरी आणि कालवणावर भागवणारी, पाळी तीन महिने आली नाही म्हणून उलट सुटल्यासारखं वाटणारी मुलगी स्ट्रेस फ्रॅक्चरच्या वाटेवर असते. तिला नवे बूट घेऊन देण्याआधी पळून आल्यावर दूध, अंडं, शेंगदाणे, काहीतरी पोटात जाईल अशी सोय करावी, आणि डॉक्टरांकडून ड जीवनसत्त्व तपासून घ्यावं. उन्हाच्या देशात त्याची कमतरता सर्रास आढळते.

*

टाचेचं दुखणं स्ट्रेस फ्रॅक्चरच्या बरोबर उलट वागतं. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेखाली सुई टोचते, दहा-वीस पावलांत दुखणं ओसरतं, आणि दिवसभर बसून उठलं की परत. हा प्लांटर फॅशिआयटिस. तळव्याची टाचेपासून बोटांपर्यंत जाणारी जाड पट्टी टाचेच्या मुळाशी कुरकुरते. चाळिशीनंतर मॅरेथॉनचं वेड लागलेल्यांचा हा लाडका आजार. एक्स-रेत टाचेला काटा दिसला म्हणून घाबरून जाऊ नये. काहीच न दुखणाऱ्या कितीतरी टाचांना तो असतो. पोटरीचे ताण रोज, गोठवलेल्या पाण्याच्या बाटलीवर तळवा फिरवणं, आणि एक कंटाळवाणा पण गुणकारी व्यायाम: जिन्याच्या पायरीवर चवडा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल, आणि एका पायावर टाच सावकाश वर-खाली, एक दिवसाआड. डेन्मार्कमधल्या २०१४च्या अभ्यासात तीन महिन्यांनी नुसत्या ताणांपेक्षा याचा फायदा जास्त दिसला. स्टेरॉइडचं इंजेक्शन पटकन आराम देतं, पण पट्टी फाटण्याचा धोकाही वाढवतं. धावपटूने ते घाईने घेऊ नये. आठ ते चौदा वर्षांच्या मुलाची टाच खेळल्यावर दुखत असेल तर तो बहुतेक वेळा वाढीच्या चकतीवरचा ताण असतो. खेळ थोडा कमी करून आणि बुटात टाचेखाली मऊ गादी घालून तो निभावतो.

नखं आणि कातडीचं आटोपतं घेतो. पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढून उतरणारी साताऱ्याची अर्धमॅरेथॉन पळून आलेल्यांना काळा अंगठा नवा नाही. उतारावर नख बुटाच्या टोकाला आपटत राहतं आणि खाली रक्त साकळतं. ठसठस असह्य असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टर नखाला भोक पाडून रक्त काढतात आणि तत्काळ सुटका होते. स्वतः पिन तापवून हा प्रयोग करू नये. अंगठ्याचं नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. नखुरडं टाळायचं तर नख सरळ कापायचं, कोपरे खोल कोरायचे नाहीत. चिखल्या झाल्या तर बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवून बुरशीवरचं मलम, बरं वाटल्यावरही काही दिवस. फोड आला तर शक्यतो फोडू नये. मधुमेही धावपटूने मात्र यातलं काहीच किरकोळ मानू नये.

ताज्या मुरगळीवर काय करायचं, याबद्दल खुद्द डॉक्टरांनीच मत बदललंय. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच, हा मंत्र अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये दिला. त्यांनीच २०१४ मध्ये सांगितलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीने बरं होणं लांबू शकतं. बर्फाने वेदना कमी होते, तेव्हा कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायला हरकत नाही. क्रेप बँडेज, पाय उशीवर, आणि हाड मोडलेलं नाही हे ठरल्यावर झेपेल तेवढी लवकर हालचाल. पहिले दोन दिवस शेक आणि चोळणं नको. आंबेहळदीचा लेप धड कातडीवर लावायचा असेल तर खुशाल लावा. आजीचं समाधान होतं आणि पाय तेवढा वेळ स्थिर राहतो.

बुटांबद्दल दुकानदार जे सांगतात त्यातलं निम्मं सोडून द्यावं. अनवाणी धावण्याची लाट आली तेव्हा बोटांचे कप्पे असलेले पातळ बूट खपले. दहा आठवड्यांच्या एका अभ्यासात ते घालून पळणाऱ्यांच्या पावलांच्या हाडांत सूज वाढलेली एमआरआयमध्ये दिसली. आता कार्बनची पट्टी घातलेले महागडे बूट आहेत. २०२३ मध्ये डॉक्टरांनी ते वापरणाऱ्या पाच धावपटूंत नॅव्हिक्युलरच्या चिरा नोंदवल्या. पाच म्हणजे पुरावा नव्हे, पण स्पर्धेचा बूट रोजच्या सरावाला वापरू नये एवढं सावध व्हायला पुरेसं आहे. बूट संध्याकाळी घ्यावा, तेव्हा पाऊल थोडं फुगलेलं असतं. सरावाचे मोजे घालून, दोन्ही पायांत, उभं राहून पाहावा, आणि सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी. जलपैगुडीच्या स्वप्ना बर्मनच्या दोन्ही पावलांना सहा-सहा बोटं. पाच बोटांसाठी घडवलेल्या बुटांत ती २०१८च्या आशियाई स्पर्धेत हेप्टॅथलॉनच्या सातही प्रकारांत उतरली आणि सुवर्ण जिंकली. तिच्या पावलाच्या मापाचे बूट झाले ते पदकानंतर.

परत धावायला कधी लागायचं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो आणि सगळ्यात घाईने सुटतो. दुखऱ्या जागेवर दाबून दुखत नाही, अर्धा तास भराभर चालून दुखत नाही, एका पायावर दहा उड्या मारून दुखत नाही, हे तिन्ही एकाच दिवशी खरं ठरलं की सुरुवात करता येते. मोडलेल्या हाडाला मात्र डॉक्टरांची परवानगी आधी. एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, एक दिवसाआड, मातीच्या रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी जागा बोलली तर एक पायरी मागे. अकॅडमीच्या सरांनी परत आलेल्या मुलाला पहिले काही आठवडे तुकडीच्या घड्याळाबाहेर ठेवावं आणि त्याच्या वहीत सेकंद लिहू नयेत, फक्त किती मिनिटं धावला आणि कुठे दुखलं एवढं लिहावं.